गोळ्यांची तारीख : एका सरकारी एआरटी केंद्राचा १९ वर्षांचा अनुभव

पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या गावी सरकारी रुग्णालयात जे एआरटी केंद्र आहे, त्याची मी नोव्हेंबर २००६ पासूनची रुग्ण आहे. एआरटी म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार. केंद्रात येणारे कोणीही त्याचे पूर्ण नाव उच्चारत नाही, ‘गोळ्या’ म्हटले की सगळ्यांना कळते. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे काही तक्रारी आहेत आणि ज्यांच्याविषयी त्या आहेत त्यांतली बहुतेक माणसे कंत्राटी पगारावर राबतात. शिवाय नाव दिले की आमच्या भागातल्या चार लोकांना मी कोण हेही ओळखता येईल, आणि ती वेळ अजून आलेली नाही.

नुकतेच निदान झालेल्या, सरकारी केंद्रात जावे की खासगी डॉक्टर गाठावा या विचारात पडलेल्या व्यक्तीला उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. माणूस जगवण्याच्या कामात हे केंद्र कोणत्याही महागड्या रुग्णालयाच्या तोडीस तोड आहे. जगलेला माणूस पुढे म्हातारा होतो, ही गोष्ट मात्र त्याच्या अजून पुरती ध्यानात आलेली दिसत नाही.

माझे यजमान जून २००३ मध्ये गेले. तेव्हा औषधे नव्हती असे कोणी समजू नये. तीन औषधे एकत्र दिली तर विषाणू दबून राहतो, हे १९९६ मध्येच सिद्ध झाले होते आणि अमेरिका-युरोपात मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरू लागले होते. पण त्या उपचाराचा वर्षाचा खर्च माणशी दहा ते पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी हीच तीन औषधे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली. त्या काळी भारतीय कायद्यात औषध बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळे, खुद्द औषधाला मिळत नसे, म्हणून हे शक्य झाले. जगाच्या हिशेबात ती किंमत नगण्य होती. पतसंस्थेत कारकुनी करणाऱ्या माझ्यासारखीच्या घरात, यजमानांचे काम सुटलेले असताना, ती नगण्य नव्हती. आम्ही चार महिने गोळ्या आणल्या, पाचव्या महिन्यात दोन आठवड्यांचा खंड पडला, नंतर तो खंड वाढतच गेला. सरकारची मोफत औषधे १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, प्रादुर्भाव जास्त असलेली सहा राज्ये आणि दिल्ली इथे. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्या पहिल्या केंद्रांपैकी एक होते. मधले अंतर दहा महिन्यांचे होते. ते मी आजही मोजते.

माझा स्वतःचा अहवाल यजमानांच्या आजारपणातच आला होता. सीडी-४ पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षणाची जी फौज हा विषाणू पोखरतो ती, ३४० होती. नियमाप्रमाणे ती २०० च्या खाली आल्याशिवाय गोळ्या मिळत नसत. औषधे मोजकी होती, म्हणून सर्वांत आजारी माणसाला आधी, हे तत्त्व समजण्यासारखे होते. तरीही दर सहा महिन्यांनी रक्त देऊन आपण पुरेसे आजारी झालो आहोत का, याची वाट पाहणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्यालाच कळावे. २००६ च्या दिवाळीनंतर आकडा १६८ आला आणि मला नंबर मिळाला. पुढे ही मर्यादा ३५० वर आणि मग ५०० वर गेली, आणि एप्रिल २०१७ पासून तर सीडी-४ कितीही असो, निदान झाले की लगेच औषध सुरू करावे, असे राष्ट्रीय धोरणच झाले. आज ज्यांचे निदान होते त्यांना ही वाट पाहावी लागत नाही. माझ्या मते या १९ वर्षांत रुग्णाच्या पदरात पडलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

तेव्हाच्या गोळ्या सकाळी आठला आणि रात्री आठला, दोन वेळा घ्याव्या लागत. स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन आणि नेव्हिरापिन. त्यांनी माझा जीव वाचवला यात शंका नाही, पण स्टॅव्हुडीनने त्याची किंमतही वसूल केली: गालांची चरबी झडली, डोळे आत गेले, रात्री तळपायांची अशी आग होई की ओली फडकी गुंडाळून झोपावे लागे. आम्ही रुग्ण एकमेकांना बाजारात चेहऱ्यावरून ओळखत असू. भाजी घेताना समोरच्या बाईचे गाल पाहिले की कळे, हिचीही कुठेतरी तारीख असते. २०१३ मध्ये मला टेनोफोव्हिर असलेली, दिवसातून एकदा घ्यायची गोळी मिळाली. तिच्यातल्या इफाव्हिरेन्झमुळे पहिले महिनाभर इतकी ठळक स्वप्ने पडत की सकाळी उठल्यावर, आईशी खरेच बोलणे झाले की काय, असा प्रश्न पडे. २०२१ पासून डोल्युटेग्रॅव्हिर असलेली गोळी चालू आहे, जिला केंद्रात ‘टीएलडी’ म्हणतात. जेवणाआधी घ्या, नंतर घ्या, सकाळी घ्या, रात्री घ्या. वेळ एकच ठेवली की झाले. थोडे वजन वाढले. ज्या केंद्रात वजन घटण्याच्या भीतीने काट्यावर पाय ठेवायला जीव घाबरे, तिथे आता परिचारिका मला भात कमी करायला सांगते.

आता सेवेविषयी. माझ्यासारख्या स्थिर रुग्णाला एका खेपेला दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळतात. नव्या रुग्णाला सुरुवातीला लवकर बोलावतात. केंद्रात गेल्यावर हिरवे पुस्तक खिडकीत द्यायचे. तिथून तुमचे पांढरे कार्ड काढले जाते, जे केंद्रातच राहते आणि ज्यावर प्रत्येक खेपेची एक ओळ असते. मग वजन, मग चार ठरलेले प्रश्न: खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटले का, रात्री घाम येतो का. हे क्षयरोगासाठी असतात. पुष्कळ जण कंटाळून चारही प्रश्नांना एकदम ‘नाही’ म्हणतात, तसे करू नये. आपल्याकडे एचआयव्ही असलेल्या माणसाचा जीव आजही सर्वांत जास्त क्षयरोगच घेतो. मला २०१८ मध्ये क्षय होऊ नये म्हणून सहा महिन्यांच्या आयसोनायझिडच्या गोळ्याही इथेच दिल्या गेल्या. त्यानंतर समुपदेशक, डॉक्टर आणि शेवटी औषधांची खिडकी. नीट चालले तर दीड तास, न चालले तर दुपारचे दोन. केसपेपर, तपासण्या, औषधे, कशालाच पैसे नाहीत. वर्षातून एकदा व्हायरल लोडसाठी, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे हे पाहण्यासाठी, रक्त घेतले जाते. ही तपासणी सरकारी केंद्रांत सर्रास सुरू झाली ती २०१८ पासून. त्याआधी औषध चालते आहे की नाही, हे सीडी-४ वरून अंदाजानेच ठरत असे. अहवालाला काही आठवडे लागतात.

त्या अहवालावर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असे तीन शब्द असले की समुपदेशक ‘टीएनडी आलंय ताई’ एवढेच सांगते आणि पुढच्याला हाक मारते. या तीन शब्दांचा अर्थ नव्या माणसाला बसवून सांगायला हवा, तो घाईत सांगितला जातो, ही माझी पहिली तक्रार. विषाणू शरीरातून गेलेला नसतो, गोळी बंद केली तर काही आठवड्यांत तो परत डोके वर काढतो. पण तो रक्तात सापडत नाही तोवर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेसह (‘नारी’) नऊ देशांत १,७६३ जोडप्यांवर झालेल्या अभ्यासात, लवकर उपचार घेणाऱ्यांकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्येच दिसले होते, आणि विषाणू दबलेल्या जोडप्यांच्या नंतरच्या अभ्यासांत तर अशी एकही लागण आढळली नाही. माझ्या ओळखीत एक जोडपे आहे, ज्याने ही गोष्ट कोणी समजावून न सांगितल्यामुळे सहा वर्षे वेगळ्या खोल्यांत काढली.

औषधांच्या खिडकीवरच्या माणसाविषयी मात्र मी कौतुकानेच लिहीन. पाळी गेल्यानंतर माझे गुडघे दुखू लागले, तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरांनी कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या डॉक्टरांना माझ्या आजाराविषयी मी सांगितलेले नाही. पुढच्या तारखेला डबी मोजून घेताना (उरलेल्या गोळ्या मोजतातच, त्यामुळे डबी घरी विसरू नये) औषधनिर्मात्याने नेहमीप्रमाणे विचारले, ‘ताई, दुसरं काय चालू केलंय का?’ मी सांगितले. त्याने हातातली पट्टी खाली ठेवली. ‘दोन्ही एकदम घेता?’ मी सकाळी चहाबरोबर, उपाशीपोटी, तिन्ही गोळ्या एकाच घोटात घेत होते. कॅल्शियम आणि लोह डोल्युटेग्रॅव्हिरला पोटातच धरून ठेवतात, ते रक्तात पुरेसे जातच नाही, म्हणून टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी, नाहीतर तिन्ही पोटभर जेवणाबरोबर घ्याव्यात, असे त्याने माझ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मराठीत लिहून दिले. ॲसिडिटीच्या पातळ औषधालाही तासांचे हेच अंतर लागू आहे (जेवणाबरोबर एकत्र घेण्याची सूट मात्र त्याला नाही), आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर तिचा डोस डॉक्टरांना विचारून बेताने ठेवावा लागतो. मागे शंभर माणसांची रांग असताना त्या तरुणाने मला पाच मिनिटे दिली. खासगी दुकानात हे झाले असते असे मला वाटत नाही. पण मी गल्लीतल्या डॉक्टरांना खरे सांगितले असते तर ही वेळच आली नसती, हेही तितकेच खरे.

डबीविषयी थोडे. पांढरी प्लास्टिकची, तीस गोळ्यांची, आत ओल शोषणारी पुडी. ती पिशवीत असली की एसटीत प्रत्येक खड्ड्याला खुळखुळा वाजतो. बायका केंद्राच्या दारातच तिच्यात कापसाचा बोळा कोंबतात आणि नखाने लेबल खरवडून काढतात. केंद्राबाहेरच्या कचरापेटीत त्या लेबलांचा थर साचलेला असतो. गोळ्या काढून दुसऱ्या डब्यात भरू नयेत, त्या दमट होतात. कापसाचा उपाय बरा.

दुसरी तक्रार जागेची. केंद्राच्या दारावर ठळक अक्षरांत पाटी आहे आणि बाके उघड्या व्हरांड्यात, जिथून प्रसूती विभागाकडे जाणारी सगळी वाट जाते. १९ वर्षांत मी त्या बाकावर कायम भिंतीकडे तोंड करून बसले आहे. एचआयव्ही कायदा २०१७ मध्ये झाला, सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला आणि त्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन स्पष्ट आहे. व्हरांड्याची दिशा बदलण्याचे कलम बहुधा राहून गेले. एसटीच्या प्रवासात आम्हाला सवलत आहे, पण ती घ्यायची तर दाखला कंडक्टरच्या हातात द्यावा लागतो आणि भरल्या गाडीत तो वाचला जातो. मी ती न घेता तिकीट काढते.

तिसरी तक्रार पुरवठ्याची. २०२२ मध्ये देशभर काही औषधांचा तुटवडा झाला, दिल्लीत नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, कार्यालयाबाहेर रुग्ण कित्येक दिवस धरणे धरून बसले होते. आमच्याकडेही त्या काळात दहा-दहा दिवसांच्या गोळ्या मिळत आणि लोकांना महिन्यात तीन हेलपाटे घालावे लागत. रोजंदारीवर जाणाऱ्याचे तीन खाडे म्हणजे काय, हे खिडकीच्या आतल्यांना माहीत होते; त्यांच्या हातात काही नव्हते. मी गोळी चुकवली नाही, पण माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका ऊसतोड मजुराने ‘आता कारखाना सुटल्यावर येतो’ असे सांगितले, आणि तो दिवाळीपूर्वीचा महिना होता. अशा माणसांना केंद्रातून फोन जातात, घरी कार्यकर्ताही जातो, हे नमूद केले पाहिजे. फोन करणारी ताई आजाराचे नाव घेत नाही, ‘दवाखान्यातून बोलतेय, तुमची तारीख होऊन गेली’ एवढेच म्हणते.

आता मूळ मुद्दा. २००६ च्या रांगेत जे बोलणे चाले ते तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांचे, नागिणीचे, जुलाबांचे, आणि मागच्या तारखेला दिसलेला अमका आज का दिसत नाही याचे. आजच्या रांगेत गुडघे, चष्मा, साखर, सुनेची बाळंतपणे आणि प्लॉटचे भाव असतात. यजमानांच्या वेळी मला एका डॉक्टरने ‘तुमच्याकडे पाच-सात वर्षे आहेत, मुलीचे बघा’ असे सांगितले होते. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. तिचा अहवाल सुदैवाने निगेटिव्ह होता. ती आता २७ वर्षांची आहे आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा हिशेब तीच ठेवते. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीत, २००८ नंतर उपचार सुरू केलेल्या आणि पहिल्या वर्षाअखेर विषाणू दबलेल्या माणसाचे अपेक्षित आयुर्मान ७८ वर्षांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ इतरांइतकेच जाऊ शकते, असा त्याचा निष्कर्ष होता. तो आकडा मी माझ्यावर जसाच्या तसा बसवत नाही. मी १६८ वर सुरुवात केली, तीही जुन्या औषधांवर, आणि ज्यांचे निदानच उशिरा, क्षयरोग किंवा मेंदूज्वर झाल्यावर होते, ते आजही पहिल्या काही महिन्यांत दगावतात. पण आपल्याकडेही एड्सशी निगडित मृत्यू २०१० च्या तुलनेत २०२३ पर्यंत सुमारे ७९ टक्क्यांनी कमी झाले आहेत, आणि त्या ७९ टक्क्यांतले काही आमच्या बाकावर बसलेले असतात.

या माणसांना आता हृदय, मूत्रपिंड, हाडे, डोळे यांची काळजी हवी आहे. विषाणू दबला तरी शरीरात बारीक दाह चालू राहतो आणि हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. ४० ते ७५ वयाच्या रुग्णांवरील ‘रिप्रीव्ह’ या चाचणीत पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२३ मध्ये दिसले. आमच्या केंद्रात या गोळीविषयी मला कोणी विचारले नाही. मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची तपासणी नियमित होते, ते चांगले. रक्तदाब मात्र यंत्राचा पट्टा फाटला होता म्हणून वर्षभर मोजला गेला नाही, माझा रक्तदाब पकडला गेला तो पतसंस्थेतल्या आरोग्य शिबिरात. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सहापट असतो आणि त्याची तपासणी दर काही वर्षांनी व्हायला हवी, हे मला दहाव्या वर्षी कळले, तेही नव्याने आलेल्या समुपदेशकाने विचारले म्हणून. आपल्या केंद्रात ही चौकशी स्त्रियांनी स्वतःहून करावी.

केंद्राच्या भिंतीबाहेर गेले की तर कथाच वेगळी. गेल्या वर्षी मोतीबिंदूसाठी एका खासगी नेत्र रुग्णालयात गेले आणि या वेळी खरे सांगायचे ठरवून सांगितले. शस्त्रक्रियांच्या यादीत मला शेवटी ढकलले, ‘स्पेशल किट’चे वेगळे पैसे लावले आणि केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईने तीन अक्षरे लिहिली, जी वॉर्डातल्या मामापासून चहावाल्यापर्यंत सर्वांनी वाचली. माझा व्हायरल लोड सापडत नव्हता. रुग्ण कोणीही असो, हातमोजे आणि निर्जंतुक साधने सारखीच वापरायची असतात. मी एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी कायद्याच्या उल्लेखासह एक पत्र लिहून दिले आणि ‘पुढच्या डोळ्याला हे आधी दाखवा’ म्हणाले. दुसरा डोळा रांगेत माझा नंबर चौथा असताना झाला, किटचे पैसे न देता. म्हणून डॉक्टरांना पूर्ण गुण.

पाचांपैकी गुण द्यायचे तर औषधे आणि माणसे यांना पाच, जागेला एक, आणि वाढत्या वयाच्या आजारांना दोन. खासगीत जाण्याइतके पैसे असले तरी निदान सुरुवात सरकारी केंद्रातच करावी, असे मी सांगेन, कारण मोजणी, फोन आणि पाठपुरावा खासगीत कोणी करत नाही. पहिल्या खेपेला आधार कार्ड, तपासणी केंद्राचा अहवाल आणि शक्य असल्यास घरातले एक विश्वासाचे माणूस सोबत न्यावे. तोवर कोणाशी बोलावेसे वाटले तर १०९७ हा क्रमांक मोफत आहे. सोमवारी आणि सणाच्या सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी जाऊ नये, मंगळवारी साडेदहाच्या सुमारास गर्दी कमी असते. पाण्याची बाटली बरोबर असू द्यावी, व्हरांड्यातला कूलर मे महिन्यापासून बंद आहे.